दुबईतली वापरलेली बोट रेवदंड्याला आणायची तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दुबईत 14 वर्षं नोकरी झाली, आता कायमचे परत येताय. 2017 सालची 28 फुटी मोटरबोट तुमच्या नावावर आहे, मागे दोन आउटबोर्ड इंजिनं, कर्ज फिटलेलं. रेवदंड्याला घर बांधून तयार आहे, बोटही बरोबर आणायची आहे. तुम्ही मुख्य तीन शंका विचारल्यात: घरच्या सामानाबरोबर टीआरमध्ये (ट्रान्सफर ऑफ रेसिडन्स, कायमचं परतणाऱ्यांना सामानावर मिळणारी ड्युटीची सवलत) ती बसेल का, स्वतः समुद्रातून चालवत आणली तर ड्युटी वाचेल का, आणि दोन्ही जमत नसेल तर एकूण खर्च किती.

मी न्हावा शेवा आणि मुंबई बंदरात कस्टम क्लिअरिंगचं काम करतो, 22 वर्षं झाली. रोजचं काम यंत्रसामग्री, रसायनं, असलंच. बोटी मोजक्याच हाताळल्या, पण डोकेदुखी त्यांनीच जास्त दिली, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या तिन्ही शंका पैशांच्या आहेत. त्यांच्या आधीची शंका तुम्ही विचारलीच नाही: ही बोट भारतात आणायला परवानगी लागते का? लागते. बोट वापरलेली आहे म्हणून लागते, आणि तुमची सगळी गोष्ट इथेच ठरणार आहे.

आपल्या परदेश व्यापार धोरणात जुन्या मालाचे दोन भाग केलेत. एक, भांडवली माल, म्हणजे ज्याच्या जोरावर उत्पादन होतं किंवा सेवा दिली जाते अशी यंत्रं आणि साधनं. असा वापरलेला माल, संगणकासारखे काही अपवाद सोडले तर, परवान्याशिवाय येतो. दुसरा भाग, भांडवली नसलेला जुना माल. तो 'प्रतिबंधित' यादीत आहे. त्यावर बंदी नाही, पण डीजीएफटीकडून, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाकडून, आधी परवाना घ्यावा लागतो. आता रविवारी घरच्यांना घेऊन कोर्लईच्या किल्ल्यापर्यंत चक्कर मारायची बोट कुठल्या भागात पडते? तिच्यातून तुम्ही काही बनवत नाही, कुणाला सेवा विकत नाही. म्हणजे दुसऱ्या भागात. हीच बोट नवी कोरी असती तर ही अडचण आली नसती. फक्त ड्युटी भरायची.

इथे कुणीतरी तुम्हाला हुशारीचा सल्ला देणार, कदाचित दिलाही असेल: "एक कंपनी काढ, बोट पर्यटनासाठी आहे असं दाखव, मग ती भांडवली माल होते." कागदावर हे चुकीचं नाही. मालवण-तारकर्लीला किंवा मांडव्याला तुम्ही खरोखर पर्यटकांना फिरवणार असाल, तर बोट सेवा देण्याचं साधन ठरते आणि जुनी असूनही परवान्याशिवाय येऊ शकते. पण मग पुढचं सगळं खरं करावं लागतं. मेरीटाइम बोर्डाचं प्रवासी बोटीचं सर्वेक्षण, परवाना असलेला तांडेल (बोटीचा चालक), लाइफ जॅकेटांची मोजदाद, प्रवाशांचा विमा, जीएसटीची विवरणपत्रं. तिकीट एकही फाटलं नाही आणि बोट मात्र तुमच्या बंगल्यासमोर नांगरलेली, हे दोन वर्षांनी कुणी तपासलं तर मूळ आयातच खोट्या कारणावर झाली असं होतं. मी अशी कामं घेत नाही. शहाणपणा म्हणा किंवा भित्रेपणा.

परवान्याशिवाय बोट आली तर काय होतं, ते एकदा जवळून पाहिलंय. एका गृहस्थांनी आखातातून बोट पाठवून दिली आणि ती धक्क्याला लागल्यावर मला फोन केला. कागद पाहिले, परवाना नाही. असा माल जप्तीला पात्र ठरतो. मग सुनावणी, सोडवून घ्यायचा दंड, वर वेगळी शास्ती, आणि ड्युटी आहे ती आहेच. हे सगळं चालू असताना बोट यार्डात उभी, आणि मधे पावसाळा आला. ऑगस्टच्या शेवटी तपासणीसाठी वर चढलो तेव्हा ताडपत्री फाटलेली, आत घोट्याएवढं पाणी, त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. मागच्या सीटच्या शिवणीतून गवताची दोन पाती वर आलेली. मालक खाली उभे राहून विचारत होते, "इंजिनं ठीक आहेत ना?" मी काय सांगणार? यार्डाचं भाडं तोवर इंजिनांच्या किमतीकडे सरकलं होतं.

म्हणून माझं एकच सांगणं: डीजीएफटीचा परवाना हातात पडेपर्यंत बोट दुबईच्या मरिनातून हलवू नका. अर्ज ऑनलाइन होतो, एएनएफ-2एम या नमुन्यात. वैयक्तिक वापराच्या आयातीला आयईसी क्रमांकाची (आयात-निर्यातदाराचा ओळख क्रमांक) सूट आहे, तरी अर्जाच्या सोयीसाठी तो काढून ठेवा, 500 रुपये फी आहे. अर्ज समितीपुढे जातो आणि 'हो' म्हणायचं की 'नाही' हे तिच्या मर्जीवर आहे. बोट तुमच्याच नावावर किती वर्षं आहे, तुम्ही खरंच कायमचे परत येताय का, विक्रीचा हेतू नाही ना, हे जितकं कागदांनी दिसेल तितकं बरं. मी होकाराची हमी देऊ शकत नाही, आणि जो एजंट देईल त्याच्यापासून लांब राहा.

आता तुमच्या मूळ शंका.

टीआर. ही सवलत वापरलेल्या घरगुती आणि वैयक्तिक सामानासाठी असते: भांडी, कपडे, फर्निचर, वॉशिंग मशीन. 2016 च्या बॅगेज नियमांत टीआरची सगळ्यात वरची मर्यादाच 5 लाख रुपयांची होती. 28 फुटी बोट घरगुती सामान आहे असं म्हणत अधिकाऱ्यासमोर उभं राहायची माझी तयारी नाही. घरच्या सामानाच्या कंटेनरचे कागद आणि बोटीचे कागद पूर्ण वेगळे ठेवा. एकाच यादीत घुसडलंत तर बोटीच्या वादात तुमचा फ्रिज आणि गाद्यासुद्धा अडकतील.

चालवत आणणं. हा गैरसमज फार जुना आहे: कंटेनरमधून आला तो माल, स्वतःच्या ताकदीवर आली ती बोट. कायद्याला हा फरक मान्य नाही. भारताबाहेरून भारतात आणली की ती आयात, मग ती जहाजाच्या पाठीवर बसून येवो नाहीतर लाटा कापत. परदेशी झेंड्याची, परदेशी मालकाची शिडाची बोट जगप्रवासात कोचीला बोळगट्टी बेटाच्या मरिनात थांबते आणि पुढे निघून जाते, तिची गोष्ट निराळी. ती वाहन म्हणून येते आणि जाते. तुम्ही राहायला येताय, बोटही राहायला येतेय. ती माल आहे.

शिवाय चालवत आणाल कशी? दुबई ते मुंबई हजार-अकराशे सागरी मैल. तुमच्यासारख्या जोड-इंजिनाच्या बोटीला मैलामागे अडीच-तीन लिटर पेट्रोल सहज लागतं. म्हणजे तीन हजार लिटरच्या आसपास, आणि टाकी असते काही शे लिटरची. ओमानला टाकी भरून घ्याल, त्याच्या पुढे? किनाऱ्याकिनाऱ्याने यायचं तर वाटेत पाकिस्तान आहे. आणि समजा आलातच, तरी सरळ रेवदंड्याच्या खाडीत शिरता येत नाही. परदेशातून येणाऱ्या कुठल्याही बोटीने पहिल्यांदा अधिसूचित कस्टम बंदरातच लागायचं असतं, तिथे कस्टम आणि इमिग्रेशन दोन्ही व्हायचं असतं. 26/11 ला हल्लेखोर समुद्रातूनच आले होते, हे या किनाऱ्यावर कुणी विसरलेलं नाही. अनोळखी बोट कळवल्याशिवाय दिसली तर कोस्ट गार्ड आणि सागरी पोलीस आधी तुम्हाला उतरवतील, मग प्रश्न विचारतील.

तेव्हा बोट जहाजावरूनच येणार. आता आकडा.

मौजमजेच्या बोटी दरसूचीत 8903 या शीर्षकाखाली येतात. 2025 च्या अर्थसंकल्पात मूळ ड्युटी 25 टक्क्यांवरून 20 वर आली, तेव्हा काही जणांनी मला अभिनंदनाचे मेसेज पाठवले. त्याच कागदावर साडेसात टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आला होता आणि समाजकल्याण अधिभार गेला होता. आधी 25 अधिक अडीच, आता 20 अधिक साडेसात. बेरीज तीच, साडेसत्तावीस. खरा फरक पडला तो 22 सप्टेंबर 2025 पासून. यॉट आणि तत्सम बोटींवरचा जीएसटी 28 वरून 40 टक्के झाला, आणि जुना 3 टक्के भरपाई उपकर गेला.

समजा कस्टमने तुमच्या बोटीची भाडं आणि विमा धरून किंमत 50 लाख रुपये मान्य केली. मूळ ड्युटी 10 लाख, उपकर 3 लाख 75 हजार. झाले 63 लाख 75 हजार. त्याच्यावर 40 टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, 25 लाख 50 हजार. एकूण भरायचे 39 लाख 25 हजार, म्हणजे किमतीच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्के. हीच बोट 22 सप्टेंबरच्या आधी आली असती तर हिशेब 33 लाख 51 हजारांच्या आसपास होता. आयजीएसटी ड्युटी धरलेल्या रकमेवर लागतो, हे लोक विसरतात आणि 20 अधिक साडेसात अधिक 40 अशी बेरीज करून साडेसदुसष्टवर थांबतात. दर कुठल्या दिवसाचा? बिल ऑफ एंट्री (आयातीचं कस्टमकडे भरायचं घोषणापत्र) भरल्याचा दिवस आणि जहाजाला आत येण्याची नोंद मिळाल्याचा दिवस, यातला जो नंतरचा असेल तो. त्यामुळे बोट निघण्यापूर्वी आणि कागद भरताना, दोन्ही वेळा दर बघायचे.

व्यक्ती म्हणून आणलीत तर आयजीएसटीचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, नाही, तो गेला तो गेला. कंपनीलाही सरसकट मिळत नाही. जीएसटी कायद्यात बोटींवरचं क्रेडिट मुळातच रोखलंय. प्रवासी किंवा माल वाहतूक, पुढे विक्री, किंवा बोट चालवण्याचं प्रशिक्षण, एवढ्यांसाठीच ते सुटतं.

कुणी सुचवेल की 8903 ऐवजी 8901 मध्ये, प्रवासी जहाज म्हणून दाखवा, तिथे जीएसटी 5 टक्केच आहे. आत सोफा, फ्रिज, मागे आंघोळीचा फवारा आणि उन्हात लोळायच्या गाद्या असलेली आठ आसनांची बोट प्रवासी जहाज कशी, हे पटवून द्यायला वकील लागतो. वकिलाची फी त्या फरकात धरा.

आता यातला नाजूक भाग: 50 लाख हा आकडा ठरतो कसा. नेहमीच्या आयातीत बीजक असतं; विकणारा एक, घेणारा दुसरा, व्यवहाराची किंमत तीच. तुमच्या बाबतीत पाठवणारे तुम्ही, घेणारेही तुम्ही. विक्री झालेलीच नाही. म्हणून 2017 चं खरेदीचं बिल हा पुरावा आहे, पण तीच किंमत नव्हे; आणि कोऱ्या कागदावर तुम्ही टाइप केलेलं 'फक्त कस्टमसाठी' बीजक तर काहीच नव्हे. कस्टम 2007 च्या मूल्यनिर्धारण नियमांतल्या पुढच्या पायऱ्यांवर जातं: तशाच बोटी कितीला आल्या, आणि ते नसेल तर उपलब्ध पुराव्यावरून वाजवी अंदाज. त्या पुराव्यात सगळ्यात जड असतो सर्व्हेयरचा अहवाल. बोट दुबईत असतानाच पाण्याबाहेर काढून सर्व्हे करून घ्या. इंजिनांचे तास, हलची (बोटीच्या मूळ सांगाड्याची) अवस्था, दुरुस्त्या, बाजारभाव, फोटो. इंजिनं खूप चाललेली असली तर ते लपवू नका, इथे ते तुमच्या फायद्याचं आहे. भाड्याची पावतीही जपून ठेवा. वाहतुकीचा खर्च सिद्ध करता आला नाही तर मालाच्या किमतीच्या 20 टक्के धरतात आणि विम्याचा पुरावा नसेल तर 1.125 टक्के. दुबई-न्हावा शेवा एवढ्या जवळच्या प्रवासाला 20 टक्के म्हणजे बराच भुर्दंड.

तुम्ही ओझरता उल्लेख केलाय की यूएईशी मुक्त व्यापार करार आहे, मग सूट मिळेल. करार आहे, 1 मे 2022 पासून. पण त्याची सवलत यूएईत उत्पादित झालेल्या मालाला असते, तिथून निघालेल्या मालाला नाही. तुमची बोट इटलीत किंवा अमेरिकेत बनलेली असेल तर दुबईत नऊ वर्षं राहून ती दुबईची होत नाही. आपणही नाही होत.

कागदांइतकंच लक्ष बोटीच्या अंगावरही द्या. ट्रान्समवर, म्हणजे मागच्या सपाट बाजूवर, उजव्या हाताला हलचा ओळख क्रमांक कोरलेला असतो. तपासणीला अधिकारी पहिल्यांदा तिथेच वाकतो. एकदा असं झालं की तो क्रमांक दोन थर रंगाखाली गेलेला. ओल्या फडक्याने पुसला, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला, तेव्हा कुठे अक्षरं उठून दिसली, आणि शेवटून चौथं अक्षर कागदावर शून्य, बोटीवर चक्क 'डी'. टंकलेखनातली चूक, पण ती निस्तरायला परदेशातून दुरुस्त दाखला येईपर्यंत 11 दिवस गेले. तुमचा क्रमांक आजच जवळून बघा, नोंदणीशी अक्षर न अक्षर जुळवा, तारखेसह फोटो काढा. इंजिनांचे क्रमांकही. तिथल्या नोंदणीतून बोट कमी केल्याचा दाखला मूळ प्रत घेऊन या, त्याशिवाय इथली नोंदणी अडते.

28 फुटी बोटीची रुंदी बहुधा अडीच मीटरच्या वर असेल, आणि कंटेनरचं दार जेमतेम 2.34 मीटर रुंद. म्हणून फ्लॅट रॅक, म्हणजे बाजू आणि छत नसलेला उघडा कंटेनर, लागेल. त्यावर बोट ज्या क्रेडलमध्ये बसते ते लाकडी असेल तर लाकूड प्रक्रिया केलेलं आणि गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असलेला आयपीपीसी शिक्का मारलेलं हवं, नाहीतर प्लांट क्वारंटाइनवाले आडवे येतात. लोखंडी क्रेडल करून घ्या, पुढे इथेही उपयोगी पडेल. इंजिनं काढून पाठवणार असाल तर त्याच बिल ऑफ लेडिंगमध्ये (जहाज कंपनीच्या मालपावतीत), बोटीचा भाग म्हणून. वेगळी आली की वेगळा कोड, वेगळा वाद. टाकी रिकामी, गॅस सिलिंडर काढलेला, धोक्याच्या वेळी उडवायचे फ्लेअर्स तिथेच देऊन टाका. ते स्फोटकांत मोजले जातात. आणि ड्रॉवरमध्ये सॅटेलाइट फोन पडलेला असेल तर तो आठवणीने काढा. थुराया किंवा इरिडियम फोन परवान्याशिवाय भारतात सापडला तर प्रकरण कस्टमच्या हातात राहत नाही, पोलिसांकडे जातं.

बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरलेली हवी. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 आणि त्यानंतर रोज 10,000 रुपये. दुबईच्या जेबेल अली बंदरातून जहाज चार-पाच दिवसांत येतं, म्हणजे तिकडे बोट चढली की इकडे कागद तयारच असायला हवेत.

आणखी एक विचारलंत: आवडलं नाही तर बोट परत दुबईला नेता येईल का, ड्युटी परत मिळेल का. वापरलेला माल परत निर्यात केला तर ड्युटीचा काही भाग मिळतो, पण तो वितळत जातो. स्वतःच्या वापरासाठी आणलेल्या मालावर पहिल्या वर्षी दर तिमाहीला 4 टक्के आणि दुसऱ्या वर्षी दर तिमाहीला 3 टक्के कापले जातात. तेव्हा एक पावसाळा काढूनच निर्णय घ्यायचा.

आता तुम्ही विचारलं नाही तरी माझं मत सांगतो. बोट भावनेची असेल, मुलं तिच्यावर पोहायला शिकली असतील, तर परवान्याचा अर्ज करा आणि सहा-आठ महिने हातात ठेवा. पण निव्वळ हिशेब करायचा असेल तर ती तिथेच विका. साडेअठ्ठ्याहत्तर टक्के ड्युटी, भाडं, क्रेन, नोंदणी हे सगळं नऊ वर्षं जुन्या हलवर चढवून जी रक्कम होते, त्यात इथल्या यार्डात नवी बोट बांधून मिळते का हे आधी विचारून बघा. तिला परवाना नको, आयात ड्युटी नको, आणि तिचा कारागीर फोन केला की येतो.

आणायचंच ठरलं तर वेळ नारळी पौर्णिमेनंतरची धरा. त्याआधी आणलीत तर ड्युटी भरूनही बोट यार्डातच राहणार; पावसात न्हावा शेव्याहून रेवदंड्याला ती पाण्यातून नेता येत नाही, आणि फ्लॅट रॅकच्या रुंदीचा ट्रेलर तुमच्या गल्लीत वळतो की नाही हे मला माहीत नाही. रस्ता मोजून कळवा.